मिशीखालची गाठ

१

पाचवा उंदीर बुरुल एजेनं स्वतः ट्रेमध्ये घालून माझ्या टेबलावर आणला, तेव्हाच मी ओळखलं की आज चहा गोड लागणार नाही. एरवी ती उंदीर पाठवते, आणत नाही.

"अनारकान, उजव्या गालाखाली बघ," ती म्हणाली. "मिशीच्या मुळाशी."

मी बघितलं. वाटाण्याएवढी गाठ, टणक, पांढुरकी. अशा चार मी त्याच आठवड्यात मेणात बसवून, कागदाहून पातळ कापून काचेवर चढवल्या होत्या. बिश्केकमधल्या आमच्या संस्थेत हे काम मी एकतीस वर्षं करते आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ आले आणि गेले, पण काप नीट नसेल तर त्यांच्या ज्ञानाचं लोणचं घालायचं का? तर ते असो.

"कशावरचा हा?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"औषधावरचा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "पाचही औषधावरचे."

बुरुल एजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून 'एजे', म्हणजे ताई, आणि मी तिला बहिणीसारखीच मानते. तिचा धाकटा भाऊ लहानपणी फेफरं येऊन पाटाच्या पाण्यात पडला होता. गुडघाभर पाणी, पण पोर गेलं. त्यानंतर शिकून ती शास्त्रज्ञ झाली आणि नारिनकडच्या डोंगरात मिळणाऱ्या एका मुळाचा अर्क घेऊन बसली. त्याला बावीस वर्षं झाली. हा अर्क मुलांची फेफरी थांबवतो असं तिला दिसलं होतं. आता शेवटची परीक्षा चालू होती: नव्वद उंदीर, साठांना अर्क, तिसांना नुसतं पाणी. शुक्रवारी राजधानीतली समिती येणार होती, म्हणजे आमच्याच शहरातून, चार रस्ते ओलांडून. अर्कानं गाठी होतात असं ठरलं तर औषध कायमचं बंद, कारण असलं औषध पोरांना कोण देईल?

तेवढ्यात बात्मा आपा गवताची पोती ओढत आत आली. ही आमची उंदरांची राखणदार, सहासष्ट वर्षांची. तिला प्रत्येक उंदीर तोंडावरून ओळखू येतो. पिंजरे धुताना ती त्यांच्याशी सुनांच्या कागाळ्या करते, आणि सुना तर तिला नाहीतच, मूलबाळच नाही. गेल्या नौरोजच्या सणाला तिच्या एका उंदरीला एकोणीस पिल्लं झाली, तेव्हा तिनं घरून पातेलंभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले होते आणि आम्ही सगळ्यांनी ते गरम गरम हादडले होते.

ट्रेमधला उंदीर पाहून ती थबकली.

"हा पण गेला?" तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं त्याची शेपटी झाकली. "माझा गोंडस होता गं हा."

बुरुल एजे उठली. "इशेन बाइकेंना बोलाव," ती मला म्हणाली. "आणि सांग, शुक्रवारच्या आत."

२

बाइके म्हणजे दादा, आणि आमचे इशेन बाइके एकाहत्तर वर्षांचे. आम्हा सगळ्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सफरचंदाची झाडं सांभाळतात आणि कुणाचा शब्द ऐकत नाहीत. मंगळवारी सकाळी ते स्वतःचा पेला आणि खिसाभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन हजर झाले. बाहेर बर्फ गुडघ्यापर्यंत होतं, तरी डोक्यावर टोपी नाही.

"बाइके, डोकं गारठेल," मी म्हटलं.

"गारठलेलंच बरं. तापलं की चुकीचं बघतं."

पाचही काचा त्यांनी बघितल्या. एकेक काच, मधे एकेक बी. माझ्या कापांचं कौतुक करतील म्हणून मी जवळच उभी होते. एक शब्द नाही.

"नसेच्या भोवतालच्या आवरणाच्या गाठी आहेत," शेवटी ते म्हणाले. "ये, बघ. लोकरीचा नमदा लाटायला बायका ओळीनं बसतात ना, तशा पेशी बसल्यात. दुसऱ्या कुठल्या गाठीत त्या अशा शिस्तीत बसत नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात उंदरांमध्ये मी हे दोनदा पाहिलं. आणि इथे तुम्ही पाच आणून ठेवल्यात, पाचही एकाच नसेवर, मिशीच्या."

"म्हणजे अर्कच," बुरुल एजे म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"पाचही अर्कावरचे आहेत, बाइके."

"पाणी पिणारे तीस तू तपासलेस?"

"त्यांना काही झालेलं दिसत नाही. शेवटी तपासायचे आहेत."

"दिसत नाही म्हणजे तू बघितलं नाहीस." त्यांनी बाही वर सारली. "चल."

तीस उंदीर. एकेकाला ते तळहातावर घेत, अंगठा गालाखाली फिरवत, आणि बात्मा आपा प्रत्येकाला नावानं हाक मारून शांत करी. अकराव्यापाशी त्यांचा अंगठा थांबला. मग चोविसाव्यापाशी.

"हे दोघं," ते म्हणाले. "यांनी जन्मात अर्काचा थेंब घेतलेला नाही, हो ना?"

बुरुल एजेनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण घाई नको म्हणून मी तिचा हात धरला.

"मग पाणी पिणाऱ्याला औषधाची गाठ कशी होईल?" इशेन बाइकेंनी खिशातून बी काढलं. "इथे कुणीतरी दुसरं काहीतरी केलंय."

३

दुसरं काहीतरी म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आलं. कुबान.

कुबान वरच्या मजल्यावर गाठींचीच प्रयोगशाळा चालवतो. मुद्दाम गाठी आणणारी रसायनं त्याच्याकडे कुलपात असतात. त्याचं आणि बुरुल एजेचं नऊ वर्षं बोलणं नाही, आणि कारण काय, तर एक फ्रीज. संस्थेला आलेला एकच नवा फ्रीज त्यानं एका रविवारी वर नेला. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले तरी भिंतीशी बोलतात. बुरुल एजेचं काम बंद पडलं असतं तर तिची खोली त्यालाच मिळाली असती.

"मी आणि तिच्या उंदरांना टोचणार?" आम्ही वर जाऊन विचारलं तसा कुबान भडकला. "बाइके, तुम्ही मला शिकवलंत! फ्रीज घेणं वेगळं आणि हे वेगळं."

"फ्रीज घेतलास हे कबूल आहे म्हणायचं," बाइके म्हणाले. "मोठ्या उंदराला तुझं ते रसायन टोचलं तर मिशीच्या नसेवर गाठ येते?"

"मोठ्याला? क्वचितच. दुसरंच काहीतरी होतं त्याला." कुबान खुर्चीत मागं रेलला. "खरं सांगू का? खालचे पिंजरे अदलाबदल झाले असतील. बात्मा आपा म्हातारी झाली. अर्काचे उंदीर पाण्यात, पाण्याचे अर्कात. पुढं काही शोधू नका."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बात्मा आपा तुझ्या बापाला विसरेल, पण उंदीर नाही विसरणार!"

"अनारकान," बाइकेंनी मला गप्प केलं. "कुबान, तुझी वही."

रसायनाची वही त्यानं समोर आपटली. वर्षभरात बाटली फक्त एकदाच उघडली होती, अठरा मार्चला. एका उंदरीला टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मजल्यावरचे नळ फुटले, खोल्या गोठल्या आणि प्रयोग रद्द झाला. उंदरी मारायला खाली पाठवली. उरलेली बाटली नष्ट केली, तिघांच्या सह्यांसह.

"बघितलंत? सगळं स्वच्छ आहे," कुबान म्हणाला.

त्यानंतर आम्ही धान्य तपासलं. व्हिक्टर पाक बारा वर्षं तेच धान्य देतो. त्याच्या धान्याला बुरशी लागली असती, तर नव्वदच्या नव्वद उंदीर आजारी पडले असते. पाणी, गवत, खोलीतली हवा यांचंही तेच. नव्वदातल्या सातांनाच काय झालं?

बुधवारची सकाळ अशी गेली. बुरुल एजे खिडकीत बसून होती. "सोडून द्या, बाइके," ती म्हणाली. "कारण नाही सापडलं तर समिती अर्कालाच दोष देईल. आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

इशेन बाइके माझ्या काचांकडे पुन्हा वळले होते. पाऊण तास हलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "मी मूर्ख आहे. मोठ्या उंदराला काय झालं हे मी विचारत बसलोय. या नसेला धक्का कधी बसला ते विचारायला हवं होतं. ही नस पिल्लू पोटात असताना बनते. तेव्हाच कुणी काही केलं, तर पिल्लू धडधाकट जन्मतं, खेळतं, आणि नऊ-दहा महिन्यांनी मिशीखाली गाठ येते. जन्मवही आणा!"

४

जन्मवही बात्मा आपाच्या हातची. तिचं अक्षर मोठं, शाळकरी मुलीसारखं. सातही उंदरांचे क्रमांक आम्ही शोधले. सातही एकाच दिवशी जन्मलेले. एकवीस मार्च, नौरोज. सातही एकाच आईचे. आई क्रमांक चौदा, पिल्लं एकोणीस.

"एकोणीस!" मी म्हणाले. "बोर्सोकवाली! चांगली आठवते की मला."

"कशी आठवते?"

मी पातेल्याची गोष्ट सांगितली. बाइके हसले नाहीत. "अनारकान, उंदरीला स्तन किती असतात?"

"बारा."

"आणि एका वेळी पिल्लं किती होतात?"

"दहा, अकरा. फार तर चौदा-पंधरा." बोलता बोलता मी वहीतला आकडा पुन्हा वाचला. एकोणीस पिल्लांवर आम्ही सगळे शिकलेसवरलेले टाळ्या पिटत बोर्सोक खाल्ले होते, आणि एकाच्याही डोक्यात हा हिशेब आला नव्हता.

"मारण्याची वही," बाइके म्हणाले.

खाली मारलेल्या प्रत्येक उंदराची त्यात ओळ असते. शेवटच्या रकान्यात 'मारला' असं लिहून बात्मा आपा सही करते आणि खाली प्रयोगवाल्याची सही येते. मार्चच्या पानावर कुबानच्या उंदरीची ओळ होती: एकोणीस मार्च, डाव्या कानाला दोन खाचा. खाली कुबानची सही, घाईघाईची. वरचा रकाना मात्र रिकामा होता. बात्मा आपानं काहीच लिहिलं नव्हतं.

"विसरली असेल," बुरुल एजे म्हणाली.

"अठरा वर्षांत एकदा?" बाइकेंनी टोपी शोधली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती आणलेलीच नाही. "बात्मा राहते कुठे?"

५

बात्मा आपाचं घर गावाबाहेर, बुटकं, निळ्या खिडक्यांचं. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे दोनदाच गेले, आणि दारात उभी राहताना त्याची मला लाज वाटली. आम्हा तिघांना पाहून तिला काही आश्चर्य वाटलं नाही. गरम पाव, साय, जर्दाळूचा मुरंबा, दुधाचा चहा, सगळं पाच मिनिटांत मांडलं. इथे आधी खायचं, मग बोलायचं. खून झाला असला तरी.

दुसरा पेला संपला तेव्हा चुलीच्या कोपऱ्यात काहीतरी खसखसलं. जुन्या परातीत नमद्याचा तुकडा, आणि त्यावर एक गलेलठ्ठ पांढरी उंदरी पावाचा तुकडा दोन्ही हातांत धरून खात होती.

बाइके उठले, वाकले आणि तिचा डावा कान बघितला. दोन खाचा होत्या.

"बात्मा," ते हळूच म्हणाले, "ही कोण?"

"तीच ती," आपा म्हणाली. "कुबाननं मारायला पाठवलेली."

"मग मारली का नाहीस? तू तर रोज मारतेस."

"मारते की. माझं कामच ते, बाइके, मी कधी तक्रार केली? पण ही पोटुशी होती. दोन दिवसांवर आली होती." तिनं ओंजळीत पेला घट्ट धरला. "आमचे हे शिकारी होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धुक्यात त्यांच्या हातून पोटुशी रानबकरी मेली. मुद्दाम नव्हे, धुक्यात. घरी येऊन त्यांनी बंदूक नदीत टाकली. पण आमच्याकडे पाळणा काही हलला नाही. पोटुशीला मारायचं नाही, हे आमच्या गावात पोराटोरालाही ठाऊक आहे. शहरात कुणाला सांगू? म्हणून हिला घरी आणलं. नौरोजला हिला नऊ पिल्लं झाली. नऊ पिल्लं घरी कशी सांभाळू? त्याच दिवशी चौदा नंबरला दहा झाली होती, तिच्या कुशीत नेऊन ठेवली. तिनं सगळ्यांना जवळ घेतलं, बिचारीनं. आलटून पालटून पाजलं." ती जरा हसली. "तुम्ही सगळ्यांनी माझे बोर्सोक खाल्लेत."

"आणि वहीत?"

"मारली असं कसं लिहू? मारली नव्हती. खोटं मी लिहीत नाही. रकाना मोकळा ठेवला. कुबाननं बघितलंच नाही."

बुरुल एजे तिच्यासमोर खाली बसली. "आपा, मला का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही गं, पोरी," आपा म्हणाली. "धान्य विचारलंत, पाणी विचारलंत, कुबानला विचारलंत. मला म्हणालात, पिंजरा धर."

इशेन बाइकेंनी स्वतःच्या गालात एक चापट मारून घेतली, खरीखुरी.

मग त्यांनीच तिला समजावलं. ते रसायन आईला सोसलं, पोटातल्या पिल्लांना नाही. गाठी त्याच्यामुळे झाल्या. नऊ पिल्लं वाटणीत गेली, काही अर्कात, काही पाण्यात. अर्काकडे जास्त गेली, म्हणून दोष अर्कावर आला. ऐकता ऐकता बात्मा आपाचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली. "माझ्यामुळे हिचं औषध..."

"तुझ्यामुळेच ते वाचेल," बाइके म्हणाले, "जर मी म्हणतो ते खरं असेल तर. नऊ पिल्लं. सात आम्हाला सापडली. दोन बाकी आहेत."

६

गुरुवारी त्या एकोणिसातले उरलेले बारा जिवंत उंदीर मांडले. क्रमांकांच्या चिठ्ठ्या बाइकेंनी काढून खिशात टाकल्या. कुबानही खाली आला होता, दाराला टेकून उभा.

"बात्मा, तुझ्या घरच्या उंदरीची यातली कुठली?"

तिला विचारही करावा लागला नाही. तिसरा पिंजरा आणि दहावा. "हिला नाकावर रेघ आहे, आईसारखी. आणि हा भित्रा."

बाइकेंनी अंगठा फिरवला. बाराही उंदरांचे गाल त्यांनी चाचपले, बघणाऱ्यांचा संशय फिटावा म्हणून. दहांमध्ये काही नव्हतं. तिसऱ्यात आणि दहाव्यात, मिशीच्या मुळाशी, मोहरीएवढी.

बुरुल एजे भिंतीला टेकली आणि ओक्साबोक्शी रडली. मी पण रडले. मी का रडले ते मला विचारू नका. रडायची वेळ होती.

शुक्रवारी समिती आली. तीन पाहुणे, पाच वह्या आणि माझ्या नऊ काचा, शेवटच्या चार रात्रभर जागून केलेल्या. इशेन बाइकेंनी एकेक पायरी मांडली. शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "पटतंय सगळं. पण ही वही? मारलेल्या उंदरीच्या ओळीवर राखणदाराची सही नाही. यावर आम्ही विसंबायचं कसं?"

बात्मा आपा दारात उभी होती. तिनं लग्नातलं मखमली जाकीट घातलं होतं, अंगाला घट्ट होणारं. नोकरी जाईल हे तिला माहीत होतं, मी तिला सांगितलंही होतं. ती पुढे आली, पेन मागितलं, आणि नऊ महिने मोकळा राहिलेल्या रकान्यात आपल्या मोठ्या शाळकरी अक्षरात लिहिलं: 'मारली नाही. पोटुशी होती. घरी आहे.' खाली सही केली.

मग कुबान उठला.

"खालची सही माझी आहे," तो म्हणाला. "न बघता केलेली. वरचा रकाना बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. शिक्षा द्यायची तर आधी मला." आणि मग, भिंतीकडे न बघता, "बुरुल एजे, चुकलं माझं. फ्रीजचंसुद्धा."

समितीनं ती एकोणीस पिल्लं हिशेबातून काढली. उरलेल्या एकाहत्तरांत मिशीखाली गाठ एकालाही नव्हती. परीक्षा चालू ठेवायला परवानगी मिळाली. कुबानला ठपका मिळाला. बात्मा आपालाही एक लेखी ताकीद आली, तीत लिहिलं होतं की यापुढे पोटुशी मादी मारायची असल्यास राखणदाराला आधी विचारावं. ताकीद कुणाला होती, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. सोमवारी सकाळी फ्रीज बुरुल एजेच्या दारात उभा होता, आतून पुसलेला.

नऊ उंदरांना इशेन बाइकेंनी आपल्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. संस्थेचा तसा नियम नाही. आपानं मागितलं आणि त्यांनी दिलं.

आता मी दर रविवारी तिच्याकडे जाते. परवा गेले तर ती चुलीशी बसून उंदरीला साय चाटवत होती. उंदरी आता थकली आहे, डोळे धुरकट झालेत. मी आपल्या इकडच्या बातम्या सांगायला लागले, नऊ उंदरांवरच्या त्या झाडाला बर्फात काय काय होतं, इशेन बाइके कसे तिथे बी खात बसतात, तर आपानं घाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "पिल्लांचं तिला मी अजून सांगितलेलं नाही."